मतदानाआधीचं केळवण

नारायण पेठ, पुणे
चैत्र शुद्ध चतुर्थी, सन १९८५

सौ. विजयमाला विहीणबाई यांस आनंदीबाईचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुमच्या बुधवार पेठेतून आमच्या नारायण पेठेत यायचं तर तोंडात टाकलेलं पान रंगायच्या आत माणूस पोचतो, आणि तरी मी टपालाचं तिकीट लावतेय. कारण मी चालत आले तर तुम्ही "या, बसा" म्हणाल, पाण्याचा तांब्या पुढे ठेवाल आणि आत निघून जाल. पत्राला असं पाणी देऊन बाहेर बसवून ठेवता येत नाही. ते वाचावंच लागतं.

अक्षर ओळखलंत ना? तुमच्या लेकीचंच आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्ही सोयरिकीच्या वेळीच हेरलं होतं. "विहीण अंगठाबहाद्दर आहे" असं तुम्ही तुमच्या जावेला म्हणालात, ते माझ्या कानावर आलं होतं. डोळे शिकले नाहीत माझे, कान चांगले पदवीधर आहेत. तर आता जीभ माझी आणि हात कुसुमचा. तिला बजावलंय, मी बोलेन ते शब्दन् शब्द उतरवायचं. आईला टोमणा असला तरी गाळायचा नाही, आणि नवऱ्याला शिवी असली तर मोठ्या अक्षरात काढायची.

काल कुसुमच्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. पेठेतल्या झाडून सगळ्या बायका येऊन गेल्या. हमीदभाईंची अख्तरबानूसुद्धा आली, कैरीची डाळ दोनदा मागून घेतली आणि जाताना "आनंदीबाई, यंदा तिखट कमी पडलं" असं सांगून गेली. आली नाहीत ती एक तुम्ही. तुमची वाटी झाकून ठेवली होती. रात्री ती श्रीधरनं खाल्ली. ज्याच्या तोंडामुळे तुम्ही आला नाहीत, त्याच तोंडात तुमची डाळ गेली. देवाच्या घरी असाच न्याय असतो.

आता मुद्द्याचं. माझा मुलगा आणि तुमचा जावई श्रीधर याने गेल्या आठवड्यात काय केलं ते सगळ्या पेठेनं ऐकलं, मी वेगळं सांगायला नको. पण सांगते, म्हणजे मला ते नीट कळलंय हे तुम्हाला कळेल. आपले आप्पासाहेब महापालिकेला उभे, कंदील घेऊन. त्यांच्यासमोर हमीदभाई, कपबशी घेऊन. हमीदभाईंचं पुस्तकबांधणीचं दुकान आमच्या मंडपाच्या दुकानाला लागून, श्रीधर लहानपणी त्यांच्याच खळीच्या डब्यात हात घालून मोठा झाला. त्यामुळे तो कपबशीचा प्रचार करतो. करू दे. सासरा कंदील म्हणून जावयानं कंदीलच धरावा असं कुठल्या लग्नात ठरलेलं नसतं. पण हा पठ्ठ्या चौकातल्या सभेत कर्ण्यावरून म्हणाला, "ज्यांच्या मोरीतला नळ चार वर्षं गळतोय, ते प्रभागाला पाणी काय देणार!"

लोक हसले. मीही ओट्यावरून ऐकलं, आणि तुमची शपथ, मला हसू आलं नाही.

नळ गळतो हे खरं आहे. मी स्वतः तिथे पाय भिजवून घेतलेत. पण तो नळ श्रीधरला दिसला कधी? गेल्या दिवाळीला तुमच्याकडे जेवून हात धुताना. जेवल्या घरची गोष्ट चौकात गेली. तिथे कंदील-कपबशीचा प्रश्नच राहिला नाही. तुम्ही त्या दिवसापासून आमचा उंबरा सोडलात, मी तुम्हाला दोष देत नाही.

पण विहीणबाई, मधल्या मध्ये आपली नात हेमा अडकली. पोरीचं लग्न वैशाखात. केळवणं रांगेत उभी आहेत. माझी धाकटी नणंद रोज निरोप पाठवते, अख्तरबानूनं शेवया आणून ठेवल्यात, लोणी काळभोरची माझी भाची तर हुरड्याच्या वेळेपासून बोलावतेय. आणि ही पोरगी म्हणते, "पहिलं केळवण आजोळचं. पहिला घास आजीच्या हातचा. तोवर मी कुणाकडे जेवणार नाही." समजूत घालायला गेले तर मलाच म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असता तर जेवला असता?" हा हट्ट तिच्यात कुठून आला ते कुसुमला विचारलं. ती म्हणाली, "दोन्हीकडून." लिही गं, हेही लिही.

तेव्हा हेमाचं केळवण कधी करता ते कळवा. अंगठा तेवढा माझा आहे, खाली बघा.

आनंदीबाई


रामनवमी

विहीणबाई,

तुमचं उत्तर पोचलं. चार ओळी. सातवी शिकलेल्या बाईनं एवढी कंजुषी करावी? मी शिकले असते तर तुम्हाला वही पाठवली असती.

कुसुमनं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाच म्हटलं तेव्हा तिचा आवाज जरा बदलला, म्हणून तिसऱ्यांदा काही सांगितलं नाही. पाठ झालंय मला. "कर्ण्यावरून बोललेलं कर्ण्यावरूनच परत घ्यावं. घरी येऊन पाया पडलेलं चालणार नाही. केळवणाचं निवडणूक झाल्यावर बघू."

तुमची पहिली गोष्ट एकदम कबूल. चार लोकांत उडवलेली चिंधी एकांतात शिवून काय उपयोग? पण दुसरी गोष्ट मला मान्य नाही. निवडणूक झाल्यावर कसलं केळवण? तोवर कोणीतरी जिंकलेलं असेल आणि कोणीतरी पडलेलं. आप्पासाहेब जिंकले तर श्रीधरला वाटेल, आपल्याला उदार मनानं बोलावलं. आप्पासाहेब पडले तर तुम्हाला वाटेल, हे समजूत काढायला आलेत. एकीकडे उपकार, एकीकडे सांत्वन, आणि मध्ये पुरणपोळी गार होत बसलेली. मतदानाआधी जेवलं तर ते नुसतं जेवण असतं. तेव्हा केळवण मतदानाआधीच झालं पाहिजे.

श्रीधरला समोर बसवून तुमचा निरोप दिला. खाली मान घालून म्हणाला, "चुकलो, आई. टाळ्या पडत होत्या, तोंडातून गेलं. मी आज जाऊन आप्पांच्या पाया पडतो."

मी म्हटलं, "पाय नकोत त्यांना. कर्णा पाहिजे."

"आमच्या सभेत माफी मागितली तर आमचीच पोरं म्हणतील, सासऱ्याला फितूर झाला."

"मग त्यांच्या सभेत माग."

"त्यांच्या सभेत मला माईक कोण देणार?"

मी म्हटलं, हे मात्र खरं. आणि सुपारी कातरायला घेतली. मी अशी सुपारी कातरायला घेतली की श्रीधरला घाम फुटायचा. पण आता घोड्यासारखा वाढलाय, उठून दुकानात गेला.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसेल म्हणून सांगते. त्या सभेनंतर हमीदभाई स्वतः तुमच्या घरी आले होते. तुम्ही देवळात गेला होता. दारातच उभे राहून आप्पासाहेबांना म्हणाले, "माझ्या मंचावरून तुमच्या घरातलं निघालं. मला शरम वाटते." आप्पासाहेब म्हणाले, "तुमचा काय दोष? आत या, चहा घ्या." आणि दोघं उमेदवार एका खाटेवर बसून चहा प्यायले. बशीत ओतून! त्यात आप्पासाहेबांनी हमीदभाईंना सांगितलं की तुमचा ड्रेनेजचा मुद्दा चुकीचा आहे, आणि हमीदभाईंनी आप्पासाहेबांना सांगितलं की तुमचं अक्षर पत्रकावर फार बारीक छापलंय, म्हाताऱ्यांना दिसत नाही. हे मला अख्तरबानूनं सांगितलं. आप्पासाहेबांनी तुम्हाला सांगितलं नसणार, कारण तुम्ही रागावलेल्या असताना ते काहीच सांगत नाहीत. शहाणा माणूस.

म्हणजे लढणारे दोघं चहा पितायत, आणि आपण दोघी टपाल खात्याचं पोट भरतोय.

तिसरा उमेदवार सर्जेराव, तो शिट्टीवाला, काल आमच्याकडेही येऊन गेला. सभा नाही, कर्णा नाही. माझ्याजवळ ओट्यावर बसून मटार सोलले आणि गेला. मत मागायचंच विसरला बहुतेक.

अंगठा.

(आई, आत्या झोपल्यावर हे लिहितेय. रागाला जाऊ नकोस. पण हेमा खरंच कुठे जेवत नाहीये. — कुसुम)


हनुमान जयंती

विहीणबाई,

आज सकाळी तुमच्याकडचा माणूस दुकानात आला. म्हणाला, "आप्पासाहेबांच्या मोठ्या सभेचा मंडप दुसऱ्याकडून घेणार आहोत, आमचा नारळ परत द्या."

हा कोणाचा हुकूम, तुमचा की आप्पासाहेबांचा? मला वाटतं तुमचा. आप्पासाहेब नारळ परत मागणाऱ्यातले नाहीत.

आमच्या धंद्याची रीत तुम्हाला इतक्या वर्षांत माहीत असायला हवी. मंडप ठरला की गिऱ्हाईक नारळ देतं. तो नारळ देवाच्या फळीवर राहतो आणि मंडपाचा पहिला खांब उभा करताना त्याच्या बुंध्याशी फुटतो. मधल्या काळात भूकंप होवो की भांडण, मंडप उभा करायचा म्हणजे करायचा. आमचे हे असताना एकदा त्यांच्याशी मारामारी केलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न होतं. डोक्याला पट्टी बांधून मंडप घातला, आणि पट्टी कुणामुळे ते कुणाला सांगितलं नाही. नारळ परत गेला की दुकानाला लागतो, असं ते म्हणायचे.

श्रीधर कचरत होता. "आई, मी कपबशीचा. कंदिलाच्या सभेला माझा मंडप, माझ्या खुर्च्या, माझे कर्णे? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोक खुर्चीवर बसतील, दुसरं काय करतील? नारळ कधी घेतलास? तोंड उघडायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग तोंडाची शिक्षा नारळाला नको."

तुमच्या माणसाला मी सांगितलं, नारळ फळीवर आहे, हात लावून दाखव. तो फळीकडे गेला, देवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा पिऊन गेला. तर मंडप आमचाच. मजबूत घालू. कपबशीच्या सभेला घातला त्याहून एक कनात जास्त, कारण उन्हं वाढलीत.

श्रीधर मात्र त्या वेळी तिथे नसेल. हमीदभाईंची सभा त्याच संध्याकाळी शेजारच्या गल्लीत आहे. तुमच्या सभेत कर्ण्याच्या मशीनवर आमचा दत्तोबा बसेल. कामाला चोख आहे, पण मशीन बिघडलं की दत्तोबाही बिघडतो. बिघडणार नाही म्हणा. चांगलं मशीन आहे.

मी मात्र येणार. सामानाजवळ मागे बसेन. मंडपवाल्याच्या घरची बाई आहे, मला कोण उठवणार?

अंगठा, आणि प्रसादाचा खडीसाखरेचा पुडा सोबत.


चैत्र वद्य दशमी

विहीणबाई,

काल तुम्ही पुढे पहिल्या रांगेत बसला होता, मोरपंखी साडी नेसून. साडी चांगली होती. पण पुढे बसणाऱ्याला पुढचंच दिसतं. मागे काय झालं ते सांगते.

आप्पासाहेब बोलायला उभे राहिले, "बंधू आणि भगिनींनो" म्हणाले आणि कर्णे मुके झाले. दत्तोबानं मशीनच्या पाठीवर थापट्या मारल्या, वायरी हलवल्या, देवाचं नाव घेतलं, मशीनला शिवी दिली, परत देवाचं नाव घेतलं. काही नाही. उंदरानं काहीतरी केलं असेल. मंडपाच्या सामानात उंदीर फार.

आप्पासाहेब नुसत्या घशानं बोलायला लागले. पण एवढ्या गर्दीत काय ऐकू जाणार? मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. दत्तोबाला मी म्हटलं, "अरे, असा काय बघतोस? श्रीधरला बोलाव. शेजारच्या गल्लीत तर आहे."

तो पळाला. तिकडे हमीदभाईंचं भाषण रंगात आलेलं. दत्तोबा मंचाखाली जाऊन श्रीधरच्या कानात काय बोलतो ते हमीदभाईंनी वरून ऐकलं. माईकवरच म्हणाले, "श्रीधर, जा. आधी त्यांचा आवाज चालू करून ये. तोवर मी पाणी पितो. समोरच्याचं तोंड बंद असताना बोलण्यात काय मजा?" आणि खरंच खाली बसले. तिकडचे लोकही तुमच्या सभेकडे यायला लागले, काय चाललंय बघायला.

श्रीधर धावत आला, छातीवर कपबशीचा बिल्ला तसाच. मशीन उघडलं, बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. त्यानं खिशातून नवा फ्यूज काढून बसवला. फ्यूज उडाला होता म्हणे.

मग पुढचं तुम्ही बघितलंत. माईक लागला की नाही ते बोलून बघावं लागतं, आणि ते बघायला तोच मंचावर चढला. "हॅलो, हॅलो." बिल्ला दिसला तशी तुमची माणसं ओरडायला लागली, "उतर खाली! कपबशी फोडा!" मला वाटलं आता उतरतो. मी मागून म्हटलं, "नुसतं हॅलो म्हणून उतरू नको रे." त्याला ऐकू आलं असेल नसेल.

पुन्हा एकदा ऐकायला तुम्हाला आवडेल म्हणून कुसुमकडून लिहून घेते. तीही तिथे होती, तिला तोंडपाठ आहे.

"हॅलो. मी श्रीधर. आप्पासाहेबांचा जावई आणि हमीदभाईंचा कार्यकर्ता. मागे मी कर्ण्यावरून आप्पासाहेबांच्या मोरीतल्या नळाबद्दल बोललो. तो नळ मला कार्यकर्ता म्हणून दिसला नव्हता. जावई म्हणून त्यांच्या घरी पोटभर जेवलो, हात धुवायला गेलो, तेव्हा दिसला. जेवल्या घरचं चौकात सांगायचं नसतं. माझं चुकलं. त्याच कर्ण्यावरून बोललो होतो, त्याच कर्ण्यावरून परत घेतो." आणि मग तो थांबला, आणि मला वाटलं झालं. तर म्हणतो कसा, "मत मात्र मी कपबशीलाच देणार, आणि तुम्हीही द्या."

काय गोंधळ! कोण हसतंय, कोण ओरडतंय. आप्पासाहेबांनी त्याच्या हातातून माईक घेतला. "जावईबापू, माफी पोचली," म्हणाले. "आवाज चांगला आहे, उमेदवार चुकीचा निवडलाय. आता बसा इथेच, माझं भाषण ऐका, म्हणजे तीही चूक सुधारेल." आणि हा बसला की खरंच, मंचाच्या पायरीवर, बिल्ल्यासकट! आप्पासाहेबांनी हमीदभाईंच्या ड्रेनेजच्या मुद्द्याचं पीठ केलं आणि हा मान हलवून "नाही, नाही" करत बसला.

मी मात्र तेव्हा मंचाकडे बघत नव्हते. तुमच्याकडे बघत होते. पाठमोऱ्या होतात, तरी डोळ्याला पदर लावलेला कळतो. मोरपंखी रंगावर डाग उठून दिसतो, विहीणबाई. पुढच्या वेळी फिका नेसा.

आता कर्ण्याचं कर्ण्यावर फिटलं. केळवणाचं बोला.

अंगठा. हा जरा हलला, मी हसत होते.


चैत्र वद्य त्रयोदशी, मतदानाची सकाळ

विहीणबाई,

बोटाला मतदानाची शाई लागायच्या आत अंगठ्याची शाई लावून घेते. रात्रभर झोप नाही. काल तुमच्याकडचं पुरण जास्त झालं.

प्रचार थांबलेला, कर्णे बंद आणि तोंडं मोकळी, असा नेमका दिवस तुम्ही केळवणाला काढलात, त्याबद्दल तुमच्या सातवीला माझा नमस्कार. मला पूर्वी वाटायचं शिक्षणाचा काही उपयोग नसतो.

हेमाला तुम्ही पाटावर बसवून, ओवाळून, पहिला घास भरवलात तेव्हा पोरगी हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. घास तोंडात, डोळ्यात पाणी, आणि म्हणतेय काय, "आजी, मीठ कमी आहे." बाकीची सगळी केळवणं आता एकावर एक येऊन पडणार. नणंदेकडे उद्या, अख्तरबानूकडे परवा. पोरगी बोहल्यावर मावली म्हणजे मिळवलं.

आणि तो नळ! श्रीधर हात धुवायला गेला, तोटी फिरवली आणि सदरा गळ्यापासून ओला. आप्पासाहेब आतून ओरडले, "बघा, माझा नळ माणसं ओळखतो!" तुमच्याकडच्या सगळ्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हसल्या. श्रीधर तसाच ओल्या सदऱ्यानं पंगतीत बसला, आणि नळाबद्दल एक अक्षर बोलला नाही. शिकला.

पंगतीत काय चाललं होतं! आप्पासाहेब तुम्हाला सांगतायत, "कपबशीला आणखी एक पुरणपोळी वाढा, उद्यापासून उपास आहे त्यांना." श्रीधर म्हणतोय, "कंदिलाला तूप वाढा, रॉकेलचा तुटवडा आहे." पानाच्या वेळेला हमीदभाई आणि अख्तरबानू आले, तर परत ड्रेनेज निघालं. हमीदभाई म्हणाले, "आप्पासाहेब, तुमचं गणित साफ चुकीचं आहे, पण हा विडा मात्र मानला." आप्पासाहेबांचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा माणूस खिडकीतून डोकावला. मला वाटतं तो मारामारी बघायला आला होता. त्याला विडा देऊन पाठवला.

एकाचंही मत बदललं नाही, विहीणबाई. पण एकही जण ताटावरून उठला नाही.

स्वयंपाकघरात तुम्ही माझ्या कानाशी येऊन जे विचारलंत, "उंदराला वायर कुरतडता येते, फ्यूज काढता येतो का?", ते मला नीट ऐकू आलं नाही. म्हणून मी भातावर तूप मागितलं.

आता निघते मत द्यायला. मला हा दिवस फार आवडतो. एरवी सगळीकडे अक्षरं असतात, दुकानावर, बसवर, दवाखान्यात. आज सरकार माझ्यासाठी चित्रं काढून ठेवतं. तुम्ही सातवी आणि मी अंगठा, आज रांग एकच. कुणाला देणार ते विचारू नका. श्रीधरला म्हटलंय कपबशी, आप्पासाहेबांना म्हटलंय कंदील. दोघंही खूश आहेत.

अंगठा. जरा तुपकट आहे.


वैशाख शुद्ध नवमी

विहीणबाई,

लग्न झालं, मांडव उतरला, हेमा सासरी गेली. घर इतकं रिकामं वाटतंय की मी काल दत्तोबाशी उगीच भांडले.

निकालाचं दुःख तुम्हाला अजून आहे की संपलं? आमच्याकडे श्रीधर दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवला. कंदील पडला, कपबशी फुटली आणि शिट्टी वाजली. कोणाच्या स्वप्नात होतं? आपली माणसं एकमेकांच्या ड्रेनेजवर बोलत राहिली, आणि सर्जेराव घरोघरी बसून मटार सोलत राहिला.

पण मंडपात काय शोभा होती! आप्पासाहेब आणि हमीदभाई पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेले, माझ्याच खुर्च्यांवर, आणि दोघं मिळून सर्जेरावांच्या नावानं बोटं मोडत होते. इतकं एकमत मी त्यांच्यात आयुष्यात बघितलं नव्हतं. तेवढ्यात सर्जेराव स्वतः अक्षता टाकायला आले. दोघांनी उठून खुर्ची दिली. मधली. मग तिघांत ड्रेनेज सुरू झालं, आणि भटजींना कर्ण्यावरून सांगावं लागलं, "नगरसेवकांनी आणि माजी उमेदवारांनी मंगलाष्टकांपुरतं शांत राहावं." हेमाच्या पाठीशी मामा उभा, समोर अंतरपाट, आणि पोरगी अंतरपाटाआड खुदुखुदु हसतेय. नवरीनं असं हसू नये म्हणतात. म्हणणारे म्हणोत.

मी कुणाला मत दिलं ते आता तिन्ही बाजूंनी विचारतात. सांगणार नाही. शिट्टीला दिलं नाही एवढं तरी सांगा, म्हणून श्रीधर मागे लागलाय. मटार फार छान सोलले होते, एवढंच म्हटलं.

आता शेवटचं. या पत्राच्या घडीत कागदाची एक पुडी आहे, ती एकट्यानं उघडा. आत काचेची बारीक नळी आहे, त्यात केसासारखी तार. तार शाबूत आहे. उजेडात धरून बघा. हा उडालेला फ्यूज नाही, काढलेला आहे. आप्पासाहेब "भगिनींनो" म्हणाले त्या क्षणाला तो माझ्या चंचीत सुपारीशेजारी होता. चाळीस वर्षं त्या मशीनशेजारी बसतेय, वाचता आलं नाही म्हणून काय झालं. तुमच्या सभेत श्रीधरला माईक देणारा कोणी नव्हता ना, मग त्याला माईक दुरुस्त करायला पाठवला.

कुसुमचा हात थांबलाय. माझ्याकडे बघतेय. "आत्या, म्हणजे तुम्ही?" असं म्हणतेय. लिही म्हटलं, हेही लिही, आणि नवऱ्याला सांगितलंस तर बघ. पण मला वाटतं त्याला त्याच दिवशी कळलंय. मशीन उघडल्यावर फ्यूज उडालेला दिसतो. त्याला तर जागाच रिकामी दिसली.

आप्पासाहेबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांचं भाषण मी बंद पाडलं, त्याबद्दल त्यांच्यासाठी आंब्याची पेटी येतेय. कारण सांगायची गरज नाही, आंबे खाताना ते कारण विचारत नाहीत.

आणि ही नळी तुमच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवून द्या. निवडणूक काय, परत येणारच. या वेळी माझ्या बाजूचा घसरला. पुढच्या वेळी तुमच्या बाजूचा कोणी घसरेल. मंडप आमचाच असेल, मशीनही तेच, आणि तुम्ही माझ्याशेजारी मागे येऊन बसा. जागा धरून ठेवते. तेव्हा तुमची पाळी.

विहीण म्हणून नाही, मैत्रीण म्हणून अंगठा.

आनंदीबाई